धास्तीवर उभा राहिलेला धंदा

७ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या वॉर्नर कम्युनिकेशन्स या कंपनीने गुंतवणूकदारांसाठी एक छोटे निवेदन काढले. नफ्यात ५० टक्के वाढ होईल असा जो बोलबाला होता तो खरा नाही, वाढ १० ते १५ टक्केच होईल, एवढाच त्याचा आशय. तोटा झाला असे कोणी म्हटले नव्हते. नफा वाढणारच होता, फक्त कमी वाढणार होता. तरी दुसऱ्या दिवशी वॉर्नरचा शेअर जवळजवळ एक तृतीयांशाने कोसळला. वॉर्नरच्या नफ्याचा मोठा वाटा ज्या अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीतून येत होता ती आतून पोखरली गेली आहे, हे बाजाराने त्या एका वाक्यातून ओळखले. अटारी वॉर्नरने १९७६ मध्ये २ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतली होती. १९८३ या एका वर्षात तिने ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा करून दाखवला. त्या सप्टेंबरमध्ये न विकलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत नेला आणि वरून काँक्रीट ओतले. पुढे तीसेक वर्षे लोक याला दंतकथाच समजत होते. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झाले आणि खेळांच्या कॅसेटी खरोखरच वर आल्या. अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा धंदा १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास येऊन ठेपला. खेळण्यांचे दुकानदार या मालाचे नाव काढले तरी विक्रेत्याला दाराबाहेर काढू लागले.

ही पडझड जपानमधल्या क्योटो शहरात बसून एक माणूस बारकाईने पाहत होता. निंटेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निंटेंडोने जे निर्णय घेतले, जे करार लादले, जे खटले लढवले, त्यांकडे पाहताना एक प्रश्न सतत पडतो: ही कंपनी महत्त्वाकांक्षेने चालली होती की भीतीने? यावर एक आक्षेप सुरुवातीलाच येतो. भीती माणसाला वाटते, कंपनीला नाही. कंपनीच्या धोरणात ताळेबंद असतो, भावना नसतात. मोठ्या संचालक मंडळावर चालणाऱ्या कंपनीबाबत हे खरे असेल. निंटेंडो तशी नव्हती. यामाउची १९४९ मध्ये, विशीच्या सुरुवातीला, आजोबांच्या गादीवर बसले आणि २००२ पर्यंत उठले नाहीत. त्रेपन्न वर्षे शेवटचा शब्द त्यांचाच होता. कोणता खेळ बाजारात जाईल, किती प्रती निघतील, कोणाशी करार होईल, हे एकाच डोक्यातून निघत असेल तर त्या डोक्यातली धास्ती हेच कंपनीचे धोरण ठरते. माझे म्हणणे असे की १९८५ मध्ये ही धास्ती खरी होती आणि कामाची होती. १९९० च्या सुमारास ती सोयीची झाली. आणि १९९१ मध्ये तिने यामाउचींकडून असा निर्णय करवून घेतला, ज्यातून निंटेंडोचा सर्वांत मोठा शत्रू उभा राहिला.

धास्ती मुळात आली कुठून, हे पाहायला अटारीच्याही मागे जावे लागते. निंटेंडो १८८९ मध्ये सुरू झाली ती हानाफुदा नावाच्या जपानी पत्त्यांचा कारखाना म्हणून. यामाउचींच्या काळात पत्त्यांचा धंदा भरभराटीला आला आणि १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर घसरला. त्या दशकात त्यांनी टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट भात विकून पाहिला; काहीच लागू पडले नाही. कंपनीला हात दिला तो १९६६ मध्ये गुनपेई योकोई या कारखान्यातल्या तंत्रज्ञाने बनवलेल्या ‘अल्ट्रा हँड’ या लांब होणाऱ्या खेळण्यातल्या पंजाने. अमेरिकेत पाऊल ठेवल्यावरही तेच. १९८० मध्ये जावई मिनोरू अराकावा यांनी ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे तीन हजार यंत्रे मागवली, त्यातली दोन हजारांच्या आसपास गोदामात पडून राहिली. त्याच पडून राहिलेल्या यंत्रांत बसवण्यासाठी शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराकडून ‘डाँकी काँग’ करून घेतला गेला, आणि मारियो नावाचा मिशीवाला जन्माला आला तो त्यातूनच. पडून राहिलेला माल म्हणजे काय, हे यामाउचींना पुस्तकात वाचावे लागले नव्हते. इतकेच नव्हे, १९८३ मध्ये त्यांचे फॅमिकॉम हे नवे यंत्र जपानबाहेर विकण्याचे हक्क अटारीलाच द्यायची बोलणी चालू होती. ती फिसकटली, आणि अटारी कोसळताना निंटेंडोने तिला वाटाघाटीच्या टेबलापलीकडून पाहिले. आपल्याकडे म्हणतात, दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तोंड दुसऱ्याचे पोळले आणि फुंकणे यांनी सुरू केले.

आता अटारी पडली कशाने? यामाउचींचे निदान ठाम होते: अटारीने कोणालाही आपल्या यंत्रासाठी खेळ बनवू दिले, रद्दी मालाने बाजार भरला, गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला. यात तथ्य होतेच. १९७९ मध्ये अटारीचे चार नाराज प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि एका संगीत कंपनीतल्या व्यवस्थापकाला सोबत घेऊन त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. खेळावर आपले नाव नाही आणि विक्रीत वाटा नाही, ही त्यांची तक्रार होती. अटारीने दावा लावला, तो १९८२ मध्ये तडजोडीने मिटला, आणि परक्याने खेळ बनवायला कायद्याची आडकाठी नाही असा अर्थ सगळ्यांनी काढला. मग ज्याला त्याला कॅसेट काढायची होती. ओट्सचा नाश्ता विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेसुद्धा व्हिडिओ गेमचा विभाग उघडला! पण या निदानात एक सोयीची गाळणी आहे. त्या पडझडीत सर्वांत जास्त बदनाम झालेले दोन खेळ, ‘पॅक-मॅन’ची घरगुती आवृत्ती आणि ‘ई.टी.’, हे दोन्ही अटारीने स्वतः काढलेले होते. ‘ई.टी.’ तर नाताळ गाठायचा म्हणून एका प्रोग्रॅमरकडून अवघ्या पाच आठवड्यांत उरकून घेतला, आणि त्याच्या सुमारे चाळीस लाख प्रती काढल्या. सिनेमाचे हक्क भरमसाट किमतीला घेतले होते, ते वसूल करायचे होते. अटारी बाहेरच्या चोरांनी लुटली तितकीच घरच्यांच्या हावरेपणाने आणि घाईने बुडाली. यामाउचींनी या दोन कारणांतले पहिले उचलले. परक्यांना आवरा, हा धडा त्यांनी पाठ केला. स्वतःला आवरा, हा तितक्या मोठ्याने म्हटला नाही. घाबरलेला माणूस अपघाताचे जे कारण निवडतो ते बहुधा त्याला आपल्या हातात ठेवता येण्याजोगे असते.

१९८५ मध्ये निंटेंडो अमेरिकेतल्या घरगुती गेमच्या बाजारात उतरली तेव्हाची सावधगिरी पाहण्यासारखी आहे. त्या जानेवारीत प्रदर्शनात मांडलेल्या यंत्राला दुकानदारांनी विचारलेही नव्हते. मग यंत्राचे रूपच बदलले. जपानमधला लाल-पांढरा, खेळण्यासारखा डबा गेला आणि राखाडी रंगाची चौकोनी पेटी आली. कॅसेट वरून खोचायच्याऐवजी व्हिडिओ रेकॉर्डरसारखी पुढच्या झडपेतून आत सरकवायची. ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द शक्यतो टाळले. नाव ठेवले निंटेंडो एंटरटेनमेंट सिस्टीम. सोबत रॉब नावाचा एक प्लॅस्टिकचा रोबो दिला. त्याच्यावर चालणारे खेळ निघाले मोजून दोन, पण त्याचे काम वेगळेच होते: हे खेळणे आहे असे दुकानदाराला वाटले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क आणि आसपासच्या दुकानांत माल मांडला, तोही विकला गेला तरच पैसे द्या, उरला तर परत नेतो, या बोलीवर. यापुढची गोष्ट पेटीच्या आत होती. यंत्रात एक चिप, प्रत्येक अधिकृत कॅसेटीत तिची जोडीदार चिप. यंत्र सुरू झाले की दोघी एकच गणित एकाच तालात सोडवत राहायच्या आणि उत्तरे एकमेकींशी ताडून पाहायच्या. उत्तर चुकले, किंवा समोरून उत्तरच आले नाही, तर यंत्रातली चिप प्रोसेसरला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, दर सेकंदाला एकदा. पडदा आणि समोरचा लाल दिवा मिचमिचत राहायचा. घरोघरी मुलांनी कॅसेटीत फुंकर मारून जो मिचमिचणारा दिवा घालवायचा प्रयत्न केला तो हाच. कुलपाची ही व्यवस्था जपानी फॅमिकॉममध्ये नव्हती, आणि म्हणूनच त्याच्या नकला तैवान-चीनमधून जगभर गेल्या. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘टीव्ही गेम’ म्हणून जी स्वस्त यंत्रे आणि एकात शेकडो खेळ असल्याची बढाई मारणाऱ्या ज्या पिवळ्या कॅसेटी विकल्या गेल्या, त्या याच बिनकुलपी फॅमिकॉमच्या वंशातल्या. मारियो आणि काँट्रा महाराष्ट्रातल्या एका पिढीला ठाऊक झाले ते निंटेंडोला एक पैसाही न देता.

कुलूप लोखंडाचे असो की सिलिकॉनचे, त्याची खरी ताकद किल्ली कोण देतो यात असते. अमेरिकेत निंटेंडोसाठी खेळ बनवायचा तर परवाना घ्यावा लागे, आणि परवान्याच्या अटी त्या काळात ऐकणाऱ्याला धक्का देणाऱ्या होत्या. वर्षाला जास्तीत जास्त पाच खेळ. प्रत्येक खेळ निंटेंडोने तपासून पास करायचा. तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर आणायचा नाही. कॅसेटी निंटेंडोच तयार करून देणार, किमान मागणी हजारोंत, आणि पैसे आगाऊ. माल खपला नाही तर नुकसान खेळ काढणाऱ्याचे. निंटेंडोचे पैसे कधीच वसूल झालेले. कोनामीने पाच खेळांच्या मर्यादेवर उपाय म्हणून ‘अल्ट्रा’ नावाची दुसरी कंपनीच उभी केली, म्हणजे पाचाचे दहा झाले, आणि निंटेंडोने त्याला मान्यता दिली. नियम आवडत्याला वाकवता येत होता, ही नोंद इथेच करून ठेवावी. डब्यावर सोनेरी शिक्का असे: दर्जाची हमी. खेळ चांगला असल्याची हमी मात्र त्या शिक्क्यात नव्हती. त्या शिक्क्याखाली कितीतरी टुकार खेळ निघाले. मुख्यतः तो खेळ निंटेंडोच्या परवान्याने निघाला आहे, एवढेच तो सांगत होता.

इथे दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप येतो. ही भीती वगैरे काही नाही, हा निखळ लोभ आहे. मक्तेदाराला जे हवे असते ते त्याने मिळवले आणि वर अटारीची गोष्ट सांगून त्याला शहाणपणाचा मुलामा दिला. हा आक्षेप सहज झटकता येत नाही. लोभ आणि भीती यांचे वागणे बऱ्याचदा सारखेच दिसते, म्हणून कंपनीने स्वतःचे नुकसान सोसून काय केले ते पाहावे लागते. पाच खेळांची मर्यादा हे त्याचे उत्तम उदाहरण. निंटेंडो प्रत्येक कॅसेटीमागे पैसे कमावत होती, तेही आगाऊ. जास्त खेळ म्हणजे तिलाच जास्त पैसे. निव्वळ हावरी कंपनी म्हणाली असती, आणा कितीही, आम्ही छापतो. तिने दार अरुंद केले, कारण दुकानाच्या मांडणीवर पुन्हा न विकलेल्या कॅसेटींचा ढीग लागलेला तिला बघवला नसता. माल परत घेण्याची बोलीही तशीच. यशाची खात्री असलेला माणूस अशी बोली करत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांपुरते मी भीतीच्या बाजूने आहे.

त्यानंतरचे तसे म्हणता येत नाही. १९८८ पर्यंत अमेरिकेतल्या या बाजाराचा ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा निंटेंडोकडे होता. अटारीचे भूत कधीच गेले होते. तरी अटी सैल झाल्या नाहीत, उलट आवळल्या. त्या वर्षी मेमरी चिपांचा तुटवडा पडला आणि कोणत्या कंपनीला किती कॅसेटी मिळणार हे निंटेंडो ठरवू लागली. तुटवडा खरा होता, पण रेशन वाटणाऱ्याच्या हातात जी सत्ता येते तीही खरीच असते. अटारीच्याच एका शाखेतून वेगळी झालेली अटारी गेम्स ही कंपनी इतकी वैतागली की तिने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला खोटे कारण सांगून कुलपाच्या चिपचा प्रोग्रॅम मिळवला, नक्कल चिप बनवली आणि टेंजेन या नावाने बिनपरवाना कॅसेटी विकायला काढल्या. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने निंटेंडोच्या बाजूने कौल दिला, तो योग्यच होता. पण इतक्या थराला माणसे का गेली, याचे उत्तर निकालपत्रात नसते. खेळात मुलांना जादा जीव मिळवून देणारे ‘गेम जिनी’ नावाचे उपकरण गालूब या खेळणी कंपनीने काढले, तर निंटेंडो त्याच्या विक्रीविरुद्धही न्यायालयात लढली, आणि तिथे मात्र हरली. १९९१ मध्ये संघराज्याच्या व्यापार आयोगाने आणि न्यूयॉर्कसह अनेक राज्यांनी ठपका ठेवला की ९९ डॉलर ९९ सेंटच्या खाली यंत्र विकू नका असा दबाव निंटेंडो दुकानदारांवर आणते. दोष कबूल न करता कंपनीने तडजोड केली आणि गिऱ्हाइकांना पाच डॉलरची कूपने देण्याचे मान्य केले. कूपने चालणार होती ती निंटेंडोच्याच कॅसेटी घेताना. भरपाईतूनही धंदा करणे याला भीती म्हणायला जीभ वळत नाही. १९८५ मध्ये जे नियम भीतीने घातले ते आता पैसा देत होते, आणि जुनी भीती त्यांचे समर्थन करायला तेवढी उरली होती. आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे या टप्प्यापुरते मला मान्य आहे.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि तिसऱ्या टप्प्यात भीती पुन्हा खरी होते. फक्त ती आता बाजार कोसळण्याची राहिली नव्हती, हातातली किल्ली जाण्याची झाली होती. सोनीमधले केन कुतारागी हे अभियंते निंटेंडोच्या नव्या सुपर फॅमिकॉमसाठी आवाजाची चिप बनवत होते. १९८८ मध्ये दोन कंपन्यांत करार झाला: सोनी या यंत्राला सीडीची जोड देईल, आणि शिवाय सीडी व कॅसेट दोन्ही चालणारे स्वतःचे यंत्र ‘प्ले स्टेशन’ या नावाने काढेल. करारातल्या बारीक अक्षरांत एक गोष्ट होती. सीडीवर येणाऱ्या खेळांच्या परवान्याचा अधिकार सोनीकडे जात होता. कॅसेटीवर कुलूप निंटेंडोचे, पण सीडीवर सोनीचे. आणि पुढचा काळ सीडीचा आहे हे कळायला ज्योतिषी नको होता. यामाउचींना हे उमगले तेव्हा त्यांनी अराकावा आणि कंपनीचे वकील हॉवर्ड लिंकन यांना गुपचूप हॉलंडला, फिलिप्सकडे पाठवले. जून १९९१ मध्ये शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने आपले प्ले स्टेशन मोठ्या दिमाखात जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी सकाळी लिंकन व्यासपीठावर आले आणि त्यांनी सांगितले की निंटेंडो सीडीसाठी फिलिप्सबरोबर काम करणार आहे. जपानी कंपनीने दुसऱ्या जपानी कंपनीला परक्या देशात, भर सभेत, परक्या कंपनीसाठी सोडले! सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा यांना तो अपमान जिव्हारी लागला. सोनीतल्या अनेक वरिष्ठांना ‘खेळण्यांच्या’ धंद्यात पडणे कमीपणाचे वाटत होते. कुतारागींचा प्रकल्प एरवी कदाचित तिथेच गाडला गेला असता. ओगांनी त्यांना पाठबळ दिले. फिलिप्सबरोबरच्या सोयरिकीतून निंटेंडोला मिळाले काय, तर फिलिप्सच्या यंत्रावर निघालेले झेल्डा आणि मारियोचे काही खेळ, ज्यांची आजही टवाळी होते.

यामाउचींच्या बाजूने बोलायचे तर करार खरोखरच घातक होता, आणि तो मोडणे हा चुकीचा निर्णय होता असे मी म्हणत नाही. प्रश्न मोडण्याच्या रीतीचा आहे. वाटाघाटी करून अटी बदलता आल्या असत्या, निदान प्रयत्न करता आला असता. पण ज्याला किल्ली जाण्याची भीती वाटते तो समोरच्याला शत्रू मानूनच खोलीत शिरतो. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन बाजारात आले, आणि सोनीने खेळ बनवणाऱ्यांसमोर जे ठेवले ते निंटेंडोच्या अटींचे जणू उलटे छापलेले पान होते: रॉयल्टी कमी, सीडी तयार करण्याचा खर्च कॅसेटीच्या तुलनेत क्षुल्लक, आणि माल संपला तर नवा छापून यायला काही महिन्यांऐवजी काही दिवस. पहिल्या दिवशी यंत्राबरोबर दुकानात ‘रिज रेसर’ होता, नामको कंपनीचा. ही तीच नामको, जी फॅमिकॉमवर सर्वांत आधी आलेल्या बाहेरच्या कंपन्यांपैकी होती, आणि जिला दिलेल्या सवलती १९८९ मध्ये करार संपताच निंटेंडोने काढून घेतल्या होत्या. तिचे अध्यक्ष मासाया नाकामुरा निंटेंडोच्या मक्तेदारीविरुद्ध उघड बोलले होते. सोनीला अशा दुखावलेल्यांना शोधत हिंडावे लागले नाही.

तरीही १९९६ मध्ये निंटेंडोने आपल्या निंटेंडो ६४ या यंत्रात पुन्हा कॅसेटच ठेवली. कॅसेटीच्या बाजूने तांत्रिक मुद्दे होते आणि ते पोकळ नव्हते. सीडीवरचा खेळ सुरू व्हायला मुलाला थांबावे लागते, कॅसेट लगेच चालते. सीडीवर ओरखडे पडतात. सीडीची नक्कल घरबसल्या होते, आणि निंटेंडोचे हात यात आधी पोळले होते: १९८६ मध्ये जपानमध्ये काढलेल्या फ्लॉपीसारख्या डिस्कवरचे खेळ लोकांनी धडाधड नकलून वाटले होते. मियामोतोंसारख्या निर्मात्याला कॅसेटीचा वेग खरोखर हवा होता. हे सगळे जमेस धरले तरी हिशेब जुळत नाही. निंटेंडो ६४ ची सर्वांत मोठी कॅसेट ६४ मेगाबाइटची, सीडी तिच्या दहापट. शिवाय खेळ काढणाऱ्याने हजारो कॅसेटींचे पैसे आगाऊ भरायचे, खप चुकला की बुडायचे, ही १९८५ ची अट तशीच. तांत्रिक कारणे खरी असतीलही, पण ज्या निर्णयाने कारखान्याची किल्ली निंटेंडोकडे राहत होती त्याच निर्णयाकडे ती सगळी कारणे बोट दाखवत होती, हा योगायोग मला पटत नाही. फॅमिकॉमच्या काळापासून निंटेंडोशी एकनिष्ठ राहिलेली स्क्वेअर कंपनी आपला ‘फायनल फँटसी’चा सातवा भाग घेऊन सोनीकडे गेली. जानेवारी १९९७ मध्ये तो तीन सीडींवर निघाला. तेवढा ऐवज कॅसेटीत मावणारच नव्हता. जपानमधली दुसरी लोकप्रिय मालिका ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हीसुद्धा सोनीच्या यंत्राकडे वळली.

शेवटचा आक्षेप निंटेंडोच्या चाहत्यांचा आहे, आणि तो प्रेमातून येतो: भित्री कंपनी डोळ्यांना लावायचा ‘व्हर्च्युअल बॉय’ काढेल का? जग ताकदवान यंत्रांमागे धावत असताना २००६ मध्ये हातवारे करून खेळायचे ‘वी’ काढेल का? पहिले साफ पडले, आठ लाखांचाही आकडा त्याने गाठला नाही. दुसरे दहा कोटींहून अधिक विकले गेले. निंटेंडो नवे करून पाहायला भीत नाही हे निर्विवाद. पण धाडस कुठे केले ते पाहावे. खेळाच्या कल्पनेत, यंत्राच्या आकारात, बटणांत तिने वाटेल ते धाडस केले. मालकीच्या, परवान्याच्या, दुसऱ्याशी वाटून घेण्याच्या बाबतीत जवळपास कधीच नाही. किंबहुना पहिल्या प्रकारचे धाडस तिला करावे लागले ते दुसऱ्या प्रकारचे टाळायचे होते म्हणून. वीचे यशही सोनी आणि मायक्रोसॉफ्टशी समोरासमोर भिडायचे नाही या निर्णयातून आले. मोबाइल फोनवर मारियो यायला २०१६ उजाडावे लागले, तेही कंपनी काही वर्षे तोट्या-नफ्याच्या हिंदोळ्यावर राहिल्यानंतर. २०२४ मध्ये निंटेंडोच्या यंत्राची संगणकावर नक्कल करणाऱ्या ‘युझू’ या प्रोग्रॅमच्या कर्त्यांकडून तिने तडजोडीत २४ लाख डॉलर कबूल करून घेतले. तिथे कायदा तिच्या बाजूने होता. सवय मात्र जुनीच.

यामाउचींनी अध्यक्षपद सोडण्याआधीचे शेवटचे यंत्र, गेमक्यूब, सप्टेंबर २००१ मध्ये जपानमध्ये आले. त्यात अखेर कॅसेट नव्हती, तबकडी होती. पण ती साधी डीव्हीडी नव्हती. आठ सेंटिमीटरची, दीड गिगाबाइटची, निंटेंडोची स्वतःची वेगळी तबकडी होती, जिची नक्कल करणे अवघड होते आणि जिच्यावर घरच्यांना सिनेमाही पाहता येत नव्हता. सोनीचे प्लेस्टेशन २ सिनेमाची डीव्हीडी सरळ चालवत होते. गेमक्यूब २ कोटी १७ लाख विकले गेले, प्लेस्टेशन २ पंधरा कोटींहून अधिक.